वाचकांचे प्रश्न : काट्यावरचा डबा, ऑफिसातला सर्व्हर

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून ‘जुने संगणक बदलावेत की थिन क्लायंट बसवावेत’ या प्रश्नाची पत्रं येत आहेत. थिन क्लायंट म्हणजे सर्व्हर नावाच्या एका सामायिक संगणकावर चालणारं काम टेबलावर दाखवणारा छोटा डबा. कापूसपट्ट्यापासून मेळघाटापर्यंतची काही निवडून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. संगणक सहा : एक वजनकाट्यावर, एक गेटवर, चार ऑफिसात. दिवाळी ते होळी दर आठवड्याला कोणता ना कोणता बंद पडतो. उघडला की आत रुईचा गोळा. विक्रेता म्हणतो, सगळे काढा, एक सर्व्हर घ्या आणि बाकी जागी छोटे डबे लावा. चालेल का? काट्याची केबिन ऑफिसपासून १८० मीटरवर आहे. लाईन दिवसातून चार-पाच वेळा जाते. टॅली आणि काट्याचं सॉफ्टवेअर वापरतो.
— व्यवस्थापक, हिंगणघाट तालुका

उत्तर : चालेल, आणि तुमच्या जागी साध्या संगणकापेक्षा बरं चालेल. फक्त विक्रेत्याने डब्यांचा भाव सांगितला असेल, तारेचा आणि विजेचा सांगितला नसेल. खरा खर्च तिथेच आहे.

थिन क्लायंटमध्ये टॅली नसतं, तुमच्या फायली नसतात, बहुतेक वेळा हार्डडिस्कही नसते. कीबोर्ड-माउसवर तुम्ही जे दाबता ते तो तारेतून सर्व्हरला कळवतो आणि सर्व्हरने काढलेलं चित्र पडद्यावर दाखवतो. हिशेब, साठवण, सगळं सर्व्हरवर. काम एवढंच असल्याने ५ ते १५ वॉट वीज त्याला पुरते आणि बहुतेक डब्यांना पंखाच नसतो. तुमचा आजार नेमका पंख्याचा आहे. पंखा हवा ओढतो, हवेबरोबर तंतू येतात, ते प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत गादीतल्या कापसासारखे घट्ट बसतात, उष्णता अडकते आणि संगणक स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. पंखा नाही तर ओढ नाही. तरी डबा टेबलावर आडवा टाकू नका. मॉनिटरच्या पाठीमागे उभा बसवा आणि हंगामात आठवड्यातून एकदा कोरड्या ब्रशने त्याची भोकं मोकळी करा. असे डबे साधारण ३५ ते ४० अंशांच्या हवेसाठी बनवलेले असतात. मे महिन्यातही काटा चालत असेल तर केबिनच्या टिनाखाली सीलिंग टाका, आणि कूलरच्या ओल्या झोतासमोर डबा ठेवू नका.

आता सर्व्हर. सहा जणांसाठी ६ ते ८ कोअरचा प्रोसेसर भरपूर झाला. रॅमचा हिशेब असा : विंडोज सर्व्हरला ४ जीबी, टॅली आणि ब्राउझर उघडून बसणाऱ्या प्रत्येकाला दीड जीबी, म्हणजे १३. १६ वर भागेल, पण ३२ घ्या. ब्राउझरच्या वीस-वीस खिडक्या उघड्या ठेवण्याची सवय सगळ्यांना असते आणि इथे एकाच्या सवयीचा त्रास सहाही जणांना होतो. एसएसडी दोन घ्या, एकीची प्रत दुसरीवर आपोआप होईल अशा जोडणीत. सर्व्हरला पंखे असतातच, म्हणून तो प्रेस हॉलपासून सगळ्यात दूरच्या, दार लागणाऱ्या खोलीत ठेवा.

परवान्यात लोक फसतात. टॅलीचा सिल्व्हर परवाना एकाच वापरणाऱ्यापुरता असतो, तुम्हाला गोल्ड लागेल. विंडोज सर्व्हरच्या स्वतःच्या परवान्याशिवाय आणखी दोन वेगळे परवाने लागतात : सर्व्हरला जोडल्याबद्दल एक, आणि रिमोट डेस्कटॉपने त्यावर बसून काम करण्याबद्दल दुसरा. दुसरा घेतला नाही तरी १२० दिवस सगळं सुरळीत चालतं, म्हणून बसवणारा तो सांगत नाही. दिवाळीत बसवलेला सर्व्हर महाशिवरात्रीच्या सुमारास, ऐन खरेदीत, कोणालाच आत घेत नाही. आणखी एक बारकावा : हा परवाना ‘प्रति वापरकर्ता’ किंवा ‘प्रति यंत्र’ मिळतो. तुमच्याकडे डोमेन (सगळ्यांची खाती एका ठिकाणाहून सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) नसेल, आणि सहा संगणकांच्या जिनिंगमध्ये ते सहसा नसतं, तर ‘प्रति यंत्र’च घ्या. विंडोज सर्व्हर २०१९ आणि त्यानंतरच्या आवृत्त्यांवर डोमेनशिवाय ‘प्रति वापरकर्ता’ परवाना लावला की तासाभराने सेशन (सर्व्हरवर उघडलेलं तुमचं काम) तुटण्याचा इशारा येतो आणि सेशन खरोखर तुटतं. दोन पाळ्यांत तोच डबा दोघं वापरणार असतील तर ‘प्रति यंत्र’ तसाही स्वस्त पडतो.

केबिनपर्यंतची तार हा तुमच्या कामातला सगळ्यात नाजूक भाग. तांब्याची नेटवर्क केबल १०० मीटरपर्यंतच चालते, तुमचं अंतर १८०. मध्ये नेटवर्क स्विच (तारा एकत्र जोडणारा डबा) टाकून तांबंच पुढे न्यावं असं कोणी सुचवेल. ऐकू नका. ऑफिसचं आणि केबिनचं अर्थिंग वेगळं असतं. वैशाखातल्या वादळी पावसात जवळपास वीज पडली की दोन्हीकडच्या जमिनीच्या विद्युतदाबात मोठा फरक पडतो आणि तो तांब्याच्या तारेतून थेट स्विचमध्ये शिरतो. एका कडाक्यात डबा, स्विच आणि काट्याच्या इंडिकेटरचा (वजन दाखवणाऱ्या यंत्राचा) पोर्ट, तिन्ही जातात. म्हणून इमारतींमध्ये फायबरच टाका. सिंगल मोड केबल आणि दोन टोकांना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे फायबर आणि तांब्याची तार जोडणारे डबे. फायबरच्या एकाच तंतूवर चालणारे कन्व्हर्टर जोडीने येतात, एक १३१० नॅनोमीटरवर पाठवतो तर दुसरा १५५० वर. दोन्ही टोकांना एकाच जातीचा लावला तर दिवा लागत नाही, आणि लोक दिवसभर फायबर तपासत बसतात. केबल धातूची तार नसलेली मागा. आधाराला लोखंडी तार असलेली केबल घेतली तर आपण टाळलेली वीज त्याच तारेने आत येते.

इमारतीच्या आत तांबं ठीक आहे, पण विकत घेताना ब्लेड जवळ ठेवा. केबलचं टोक सोलून एक बारीक तार खरवडा. आतून पांढरी निघाली तर ती ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली आहे. ती खाच्यात दाबताना तुटते, आणि गिगाबिटवर चालणारी जोडणी काही महिन्यांनी १०० मेगाबिटवर घसरते. पूर्ण तांब्याची घ्या, आणि उंदरांसाठी पीव्हीसी पाइपातून न्या.

काटा : इंडिकेटरच्या पाठीमागे नऊ पिनांचा सीरियल पोर्ट असतो. तो वैधमापनाच्या सीलच्या बाहेर असतो, सीलला हात लावायची गरज नाही. डब्यावर सीरियल पोर्ट असेल तर रिमोट डेस्कटॉप तो सर्व्हरपर्यंत नेतो. सेशन तुटलं की पोर्टही तुटतो आणि काट्याचं सॉफ्टवेअर ‘पोर्ट सापडत नाही’ म्हणून अडून बसतं. त्यापेक्षा सीरियल ते लॅन कन्व्हर्टर केबिनमध्ये लावा. तो इंडिकेटरकडून वजन घेऊन थेट सर्व्हरला देतो, आणि डबा बंद असला तरी चालू राहतो. इंडिकेटर ते कन्व्हर्टर ही तार १५ मीटरच्या आत ठेवा. पडद्यावर वजनाऐवजी चित्रविचित्र अक्षरं आली तर दोन्हीकडचा वेग जुळत नाही, एकीकडे ९६०० आणि दुसरीकडे २४०० असेल. काहीच आलं नाही तर पिन २ आणि ३ अदलाबदल करून पाहा. काट्यावर छापील पावतीपुस्तक मात्र कायम ठेवा. तार तुटली म्हणून कास्तकाराची गाडी रांगेत उभी राहता कामा नये.

आता लाईन. सहा डबे आणि सहा मॉनिटर मिळून साधारण १६८ वॉट, सर्व्हर १२०, स्विच आणि कन्व्हर्टर २०, एकूण ३१० च्या आसपास. १२ व्होल्ट १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. इन्व्हर्टरची गळती आणि बॅटरी पूर्ण न उतरवण्याची मर्यादा धरली तर हाती हजारभर येतात. म्हणजे तीन तास. हेच सहा साध्या संगणकांवर सहाशे वॉटला गेलं असतं आणि दीड तासही जेमतेम निघाला असता. मात्र इन्व्हर्टर साइन वेव्हचाच हवा, सर्व्हरला त्याच्यापुढे स्वतःचा यूपीएस हवा आणि स्विच त्याच यूपीएसवर हवा. स्विच भिंतीतल्या प्लगला तसाच राहतो, लाईन गेली की सर्व्हर चालू आणि सगळे पडदे काळे. केबिनला स्वतंत्र छोटा यूपीएस द्या. यूपीएसची यूएसबी तार सर्व्हरला जोडा, म्हणजे बॅटरी संपत आली की तो स्वतः नीट बंद होईल.

डीजी (डिझेल जनरेटर) चालू असतानाही यूपीएस बॅटरीवरच राहतो आणि अर्ध्या तासाने बंद पडतो, अशी तक्रार जिनिंगमध्ये हमखास असते. बिघाड यूपीएसमध्ये नसतो. रेच्यांचा, म्हणजे सरकी काढणाऱ्या यंत्रांचा, भार चढला-उतरला की डीजीचा वेग हलतो, फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झवरून सरकते आणि यूपीएस ती वीज नाकारतो. डीजीचा गव्हर्नर नीट करून घ्या, किंवा यूपीएसची स्वीकारण्याची मर्यादा रुंद करा. बहुतेक चांगल्या यूपीएसमध्ये ती सोय असते.

एवढं केल्यावर काय मिळतं ते डोळ्यांनी पाहा. दिवाणजी व्हाउचर भरत आहेत, कास्तकाराचं नाव टाकलं, वजन टाकलं, भावाच्या रकान्यात कर्सर आहे आणि त्यांच्या टेबलाची लाईन गेली. डबा बंद. लाईन आली, डबा मिनिटाच्या आत उठला, पासवर्ड टाकला. तेच व्हाउचर, तेच नाव, कर्सर भावाच्याच रकान्यात. सेशन सर्व्हरवर जिवंत होतं, गेला तो फक्त पडदा. यासाठी सर्व्हरवर ‘तुटलेलं सेशन किती वेळ ठेवायचं’ ही मर्यादा निदान दोन तास ठेवायला सांगा.

प्रश्न : माझं कृषी केंद्र आहे, दोन संगणक. एक बिलाचा, एक घरून वापरतो. थिन क्लायंट घेऊ का?
— पांढरकवडा

उत्तर : नको. दोन-तीन संगणकांत सर्व्हर, परवाने आणि यूपीएसचा खर्च वसूल होत नाही. एसएसडी असलेला एक नवा छोटा संगणक घ्या, रोज रात्री बिलांची प्रत दोन वेगवेगळ्या बाहेरच्या डिस्कवर आलटून-पालटून घ्या. पाच-सहा जागांच्या पुढे हा विषय काढावा.

प्रश्न : डाळ मिलमध्ये पाच जण आहोत. एक जण म्हणतो सर्व्हर कशाला, विंडोज ११ प्रोच्या एका दणकट संगणकात छोटी फाइल टाकतो, पाचही जण एकाच वेळी बसतील. खर्च निम्मा.
— अकोला जिल्हा

उत्तर : विंडोज प्रो एका वेळी एकालाच बसू देतो. ती फाइल विंडोजच्या आतल्या भागाला चकवते, परवान्याच्या अटी मोडते, आणि त्याहून व्यवहाराचं म्हणजे विंडोजचं पुढचं अपडेट आलं की चकवा चालेनासा होतो. सकाळी पाचही जण बाहेर. मग अपडेट बंद ठेवायचा सल्ला मिळतो, आणि ज्या यंत्रावर सगळ्या मिलचा हिशेब आहे तेच सुरक्षा-दुरुस्तीविना राहतं.

पैसे वाचवायचा खरा मार्ग वेगळा आहे. तुमचं काम ब्राउझर, पत्रं आणि तक्ते एवढंच असेल तर लिनक्स सर्व्हरवर एक्सटूगो किंवा एक्सआरडीपी हा रिमोट डेस्कटॉपचा मोफत प्रोग्राम बसवा, परवान्याचा खर्च शून्य. टॅली मात्र विंडोजवरच चालतं. टॅली हवं तर विंडोज सर्व्हरचे पैसे मोजावेच लागतील. डब्यांवर बचत करा : तुमचे चार जीबी रॅमचे जुने संगणक हलकं लिनक्स टाकून थिन क्लायंट म्हणून अजून बरीच वर्षं चालतील. वीज वाचणार नाही, खरेदी वाचेल.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची शाखा मुख्य कार्यालयापासून ४० किलोमीटरवर आहे. सर्व्हर मुख्य कार्यालयात, शाखेत दोन थिन क्लायंट. बसवणाऱ्याने राउटरमध्ये ३३८९ हा पोर्ट उघडून दिला आणि तीन महिने छान चाललं. मग एका सोमवारी सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि पैसे मागणारी चिठ्ठी. प्रत होती म्हणून वाचलो. आता शाखा कशी जोडावी?
— सचिव, दर्यापूर तालुका

उत्तर : प्रत होती हे तुमच्या संस्थेचं भाग्य नव्हे, कोणाची तरी शिस्त आहे. त्या माणसाला धन्यवाद द्या.

३३८९ हा रिमोट डेस्कटॉपचा दरवाजा. तो इंटरनेटवर उघडा ठेवला की स्वयंचलित प्रोग्राम दिवसरात्र त्यावर पासवर्ड आजमावत राहतात. पोर्टचा आकडा बदलून उपयोग नाही, ते सगळेच आकडे तपासतात. दरवाजा बंदच करायचा आणि शाखेला व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या कुलूपबंद बोगद्यातून, आत घ्यायचं. वायरगार्ड आम्ही सुचवू : मोफत आहे, मांडणी दहा-पंधरा ओळींची, आणि लहान राउटरवरही चालतं. मुख्य कार्यालयाच्या राउटरमध्ये एक यूडीपी पोर्ट, नेहमीचा ५१८२०, फक्त वायरगार्डसाठी उघडा. ज्याच्याकडे योग्य किल्ली नाही त्याला तो उत्तरच देत नाही, त्यामुळे बाहेरून तिथे काही आहे हेही कळत नाही.

अडचण बहुधा इथे येईल : मोबाइल इंटरनेटवर आणि बऱ्याच फायबर जोडण्यांवर तुम्हाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, शेकडो ग्राहक एकाच पत्त्यामागे असतात. मग बाहेरून तुमच्यापर्यंत पोहोचता येत नाही. मुख्य कार्यालयासाठी कंपनीकडून स्थिर पत्ता मागा. मिळत नसेल तर भाड्याने एक अगदी लहान क्लाउड सर्व्हर घेऊन दोन्ही कार्यालयं त्याला जोडा. ज्या टोकाला सार्वजनिक पत्ता नाही तिथे ‘दर २५ सेकंदांनी संपर्क’ ही ओळ घालायला विसरू नका. ती नसेल तर काम थांबलं की बोगदा मिटतो आणि दुपारच्या जेवणानंतर शाखा लागत नाही.

वेग किती हवा, हा पुढचा प्रश्न असेल. हिशेबाच्या एका सेशनला सरासरी १५० किलोबिट धरा. तासाला ६७ एमबी, आठ तासांत अर्धा जीबी. म्हणजे वेगाची चिंता नाही, उशिराची आहे. शाखेतून मुख्य कार्यालयाला पिंग करून (संदेश जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते मोजून) पाहा. १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर काम सुखाचं होतं, २५० च्या वर गेलं की अक्षर दाबल्यावर उमटायला वेळ लागतो आणि रोखपाल तीच कळ पुन्हा दाबतो. रकमेत एक शून्य वाढतं ते असंच. पिंग पावसाळ्यात, दुपारी चारला, गर्दीच्या वेळी तपासा, सकाळी नव्हे. शाखेत दुसऱ्या कंपनीची मोबाइल जोडणी राखीव ठेवा.

आता सर्व्हरवर : प्रत्येकाला वेगळं नाव आणि पासवर्ड, ‘काउंटर१’ हा सामायिक नको. पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं अर्धा तास बंद. कोणाही कर्मचाऱ्याला ॲडमिनचा अधिकार नको. आणि असं पुन्हा घडलं तर सर्ट-इनला (केंद्र सरकारच्या सायबर-सुरक्षा संस्थेला) सहा तासांच्या आत कळवणं २०२२ च्या निर्देशांनुसार बंधनकारक आहे, त्यांचा पत्ता आताच भिंतीवर लावून ठेवा.

प्रश्न : याच शाखेत पासबुक आणि पावत्या डॉट मॅट्रिक्सवर छापतो. थिन क्लायंट आल्यापासून एक पान छापायला मिनिट लागतं. आधी भराभर निघायचं.
— सचिव, दर्यापूर तालुका

उत्तर : प्रिंटर बिघडलेला नाही. रिमोट डेस्कटॉप छपाईसाठी सोपी सोय म्हणून प्रत्येक पानाचं चित्र बनवून पाठवतो. लेझरला ते चालतं. डॉट मॅट्रिक्स अक्षरं छापण्यासाठी बनवलेला आहे. चित्र मिळालं की त्याचं डोकं एकेका पट्टीवरून कुरकुरत फिरत बसतं. आवाजावरूनच ओळखता येतं : आधी सलग ‘खर्र’ यायचं, आता तुटक येत असेल.

सर्व्हरवर त्या प्रिंटरचा मूळ ड्रायव्हर टाका आणि चित्राची सोय बंद करा. प्रिंटर डब्याला यूएसबीने जोडलेला असेल तर डब्यातली ९१०० पोर्टची छपाई-सेवा चालू करा, बहुतेक थिन क्लायंटमध्ये ती असते. मग सर्व्हरवर तो नेटवर्क प्रिंटर म्हणून जोडायचा. नुसत्या इंग्रजी पावत्या असतील तर ‘फक्त मजकूर’ ड्रायव्हर सगळ्यात वेगवान. मराठी नावं त्यातून निघणार नाहीत, त्यासाठी मूळ ड्रायव्हरच हवा. डब्याचा पत्ता डीएचसीपीने (पत्ते आपोआप वाटणाऱ्या सोयीने) रोज बदलू देऊ नका, राउटरमध्ये कायम करून ठेवा. नाहीतर एका शाखेची पावती दुसऱ्याच टेबलावर निघते.

प्रश्न : राईस मिलचे टेंडर भरतो. डिजिटल सहीचं टोकन सर्व्हरला लावलं तर थिन क्लायंटवर दिसत नाही. टोकन खराब आहे का?
— गोंदिया जिल्हा

उत्तर : टोकन चांगलं आहे. रिमोट सेशनमध्ये बसलेल्याला सर्व्हरला टोचलेलं स्मार्टकार्ड दिसत नाही, त्याच्या स्वतःच्या डब्याला टोचलेलं दिसतं. विंडोजची रचनाच तशी आहे. टोकन डब्याला लावा, जोडणीच्या मांडणीत ‘स्मार्टकार्ड’ चालू करा, आणि टोकनचा ड्रायव्हर सर्व्हरवर टाका. तरी सरकारी संकेतस्थळांच्या सही करणाऱ्या प्रोग्रामची एक अडचण राहते. तो यंत्रावर एक ठरावीक पोर्ट अडवून बसतो. सर्व्हर एकच, त्यामुळे एकाने सही सुरू केली की दुसऱ्याची होत नाही, आणि चूक म्हणून काहीतरी असंबद्ध संदेश येतो. टेंडरच्या शेवटच्या तासाला हे नको. सहीसाठी एक साधा संगणक वेगळा ठेवा. सगळं थिन क्लायंटवर आलंच पाहिजे असा हट्ट धरू नये.

प्रश्न : आश्रमशाळेत १२ जुने संगणक आहेत, दोन ते चार जीबी रॅमचे. हार्डडिस्क एकेक करून जात आहेत. मुलांना मराठी टायपिंग, तक्ते आणि थोडे व्हिडिओ दाखवायचे असतात. थिन क्लायंट करता येतील का?
— संगणक शिक्षक, धारणी तालुका

उत्तर : करता येतील, पण तुमच्यासाठी नेहमीचा थिन क्लायंट नको. बारा मुलांनी एकाच वेळी व्हिडिओ लावला की सर्व्हरला बारा चलचित्रं उलगडून, पुन्हा गुंडाळून तारेतून पाठवावी लागतात. तिथे तो बसतो. तुम्हाला हवी ती पद्धत अशी : संगणक हार्डडिस्कशिवाय नेटवर्कवरून सुरू होतो, लिनक्स सर्व्हरकडून घेतो, पण काम स्वतःच्या प्रोसेसरवर करतो. यासाठी एलटीएसपी हा मोफत प्रकल्प आहे. १९९९ मध्ये सुरू झाला, २०१९ मध्ये पूर्ण नव्याने लिहिला गेला. जुन्या पुस्तकांतल्या सूचना नव्याला लागू पडत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.

सर्व्हरला ८ जीबी रॅम आणि एसएसडी पुरे. त्यावर उबंटू किंवा डेबियन बसवा, मुलांना लागणारे प्रोग्राम आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यातच टाका. मग एलटीएसपी त्या सगळ्याची एक दाबलेली प्रत बनवतो, तीच बाराही संगणक उघडतात. प्रोग्राम वाढवला की प्रत पुन्हा बनवायची, नाहीतर ‘सर्व्हरवर दिसतो, मुलांकडे दिसत नाही’ असं होतं. प्रत्येक संगणकाच्या बायोसमध्ये (सुरू होतानाच्या मांडणीत) नेटवर्क बूट पहिल्या क्रमांकावर ठेवा आणि जुनी हार्डडिस्क काढून टाका. अर्धमेली डिस्क लावलेली राहिली तर सुरू होतानाच तिला चाचपण्यात वेळ जातो. दोन जीबीवाल्यांवर ब्राउझरच्या दोन-तीनच खिडक्या उघडू द्या. जमलं तर जुन्या बाजारातून रॅम घेऊन चार जीबी करा, बाकी काही बदलण्याआधी हेच करा.

अडतं कुठे? पहिलं, पत्ते वाटणारे दोघं. इंटरनेटचा राउटरही पत्ते वाटतो आणि एलटीएसपीही. संगणकाला राउटरचं उत्तर आधी मिळालं तर त्याला सुरू कुठून व्हायचं ते कळत नाही, कधी चालू होतो कधी नाही. एलटीएसपीला ‘प्रॉक्सी’ पद्धतीवर ठेवा : पत्ता राउटर देईल, सुरू कुठून व्हायचं ते सर्व्हर सांगेल. दुसरं, स्विच. समजा प्रत्येक संगणक सुरू होताना ३०० एमबी ओढतो. बारांचे ३.६ जीबी झाले. सर्व्हरची तार १०० मेगाबिटच्या स्विचमध्ये असेल तर पाच मिनिटांहून जास्त, गिगाबिटमध्ये असेल तर अर्धं मिनिट. तासिका पस्तीस मिनिटांची असते, म्हणून १६ पोर्टचा गिगाबिट स्विच घ्याच. तिसरं, सेटिंग करता येणारा स्विच असेल तर तो पोर्ट जागा करायला तीसेक सेकंद लावतो आणि तेवढ्यात संगणकाची वाट पाहण्याची मुदत संपते. त्या पोर्टांवर ‘पोर्टफास्ट’ चालू करा.

मुलांच्या फायली सर्व्हरवर राहतात, त्यामुळे मुलगी आज खिडकीजवळच्या संगणकावर बसली आणि उद्या दाराजवळच्या, तरी तिचा निबंध तिच्यासमोर उघडतो. प्रत्येक मुलाला स्वतःचं नाव द्या. ‘विद्यार्थी’ हे एकच खातं बाराही ठिकाणी उघडलं तर फायली एकमेकांवर चढतात.

प्रश्न : थिन क्लायंटवर मराठी टाइप करताना कधी कधी भलतीच अक्षरं उमटतात.
— यवतमाळ

उत्तर : मराठी कीबोर्ड दोन ठिकाणी लागला आहे, डब्यावरही आणि सर्व्हरच्या सेशनमध्येही. डब्यावर साधा इंग्रजी कीबोर्ड ठेवा, मराठी फक्त सर्व्हरवर निवडा. जुन्या दस्तांसाठी कृतिदेवसारखे फाँट लागत असतील तर तेही सर्व्हरवरच टाकायचे, डब्यावर टाकून काही होत नाही. डोंगल लागणारं जुनं फाँट-सॉफ्टवेअर असेल तर आधी चाचणी घ्या. काही डोंगल रिमोट सेशन ओळखतात आणि चालायला नकार देतात.

प्रश्न : सगळं एकाच सर्व्हरवर. तोच गेला तर?
— हिंगणघाट, दर्यापूर आणि आणखी चौघांनी हाच प्रश्न विचारला आहे

उत्तर : तर सगळे बसून राहतात. थिन क्लायंटची ही खरी किंमत आहे आणि ती विकत घेण्याआधीच मांडली पाहिजे. दोन एसएसडी असल्या म्हणजे प्रत झाली असं नाही. चुकून पुसलेली किंवा कुलूपबंद झालेली फाइल दोन्हीवर त्याच क्षणी पुसली जाते. प्रत म्हणजे रोज रात्री बाहेरच्या डिस्कवर घेतलेली, आणि त्या डिस्क दोन : एक जोडलेली, एक घरी, दर शनिवारी अदलाबदल.

सर्व्हर थेट यंत्रावर न बसवता आभासी यंत्रात बसवा. हायपर-व्ही किंवा प्रॉक्समॉक्स, दोन्ही चालतील. असं केलं की संपूर्ण सर्व्हर म्हणजे काही मोठ्या फायली. त्या दुसऱ्या कोणत्याही पुरेशा रॅमच्या संगणकावर उघडता येतात. मॉडेल वेगळं आहे म्हणून ड्रायव्हर शोधत बसावं लागत नाही. जुन्या संगणकांतला सगळ्यात धडधाकट निवडा, त्यात १६ जीबी रॅम आणि एक एसएसडी टाका, तो राखीव. मंद चालेल, पण खरेदी थांबणार नाही. पर्यायी यंत्रावर विंडोजचा परवाना कोणत्या अटीवर नेता येतो ते खरेदीच्या वेळीच लिहून घ्या, कारण यंत्राबरोबर आलेला परवाना सहसा त्याच यंत्राला बांधलेला असतो.

मग बाजार बंद असेल असा एक दिवस ठरवा. चालू सर्व्हरचा प्लग काढा, घड्याळ लावा, आणि कालच्या प्रतीवरून राखीव संगणकावर काम सुरू करून दाखवायला सांगा. पहिल्या वेळी काहीतरी अडतंच. टॅलीचा परवाना नव्या यंत्रावर पुन्हा सक्रिय करावा लागतो, आणि त्याला जोडलेला ईमेल दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेल्या अकाउंटंटचा निघतो. प्रतीची डिस्क भरलेली असते आणि तीन आठवडे प्रत झालेलीच नसते. काट्याचा कन्व्हर्टर जुन्याच सर्व्हरचा पत्ता शोधत राहतो. जे अडलं ते वहीत लिहा, दुरुस्त करा, आणि महिनाभराने पुन्हा प्लग काढा. दुसऱ्या वेळी दोन तासांच्या आत दिवाणजींच्या पडद्यावर टॅली उघडलं, की मग जुने संगणक विकायला काढा.